खाटांचा हिशेब आणि तीन पोस्टकार्डं

मी येरवड्यातल्या एका आयटी पार्कात काम करतो. ऑफिसचा पत्ता सांगितला की समोरचा हमखास विचारतो, "तुरुंगात की वेड्यांच्या इस्पितळात?" पुण्यात 'याला येरवड्याला पाठवा', मुंबईकडे 'ठाण्याला भरती करा', कोकणात रत्नागिरी आणि विदर्भात नागपूर. महाराष्ट्रात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं वर्षानुवर्षं चारच होती, आणि चारही गावांची नावं त्या त्या भागात विनोदाला उपयोगी पडतात. मीही हा विनोद पुष्कळदा केलाय. एकदा रिलीजच्या रात्री तीन वाजता मॅनेजरबद्दल केला होता आणि तो चांगला चालला होता.

मागच्या दिवाळीत आजीची ट्रंक आवरताना तीन पोस्टकार्डं सापडली आणि मग तो विनोद माझ्या तोंडून निघेनासा झाला.

आजीला एक धाकटा भाऊ होता, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. १९६८ साली त्याला या चारांपैकी एका रुग्णालयात दाखल केलं होतं. कार्डं तिथूनच आलेली, १९७१ ते १९७४ या काळातली. पहिल्यात लिहिलं होतं की तुमचे बंधू बरे आहेत, जेवण नीट घेतात, बागेत काम करतात. दुसऱ्यात जवळजवळ तेच, आणि वर एक ओळ : भेटीस कोणी येत नाही म्हणून विचारतात. सही लागत नाही. सहीखाली स्वच्छ अक्षरात एकच शब्द आहे, 'अटेंडंट'.

हा माणूस कोण, हे शोधायला मी बसलो. नाव मिळणार नाही हे दहा मिनिटांत कळलं. पण तो जे काम करत होता त्या कामाचा इतिहास तरी सापडेल असं वाटलं. मनोरुग्णालयांच्या इतिहासात कायदे भरपूर आहेत, इमारती भरपूर आहेत, खाटांचे आकडे तर पानोपानी आहेत. रात्री वॉर्डात जागणारा माणूस मात्र शोधावा लागतो.

सुरुवात येरवड्याच्या विनोदातूनच करू. तुरुंग आणि मनोरुग्णालय एकाच वस्तीत असणं हा योगायोग म्हणून सोडून देता येतं, पण दोघांचं नातं शेजारापेक्षा जवळचं आहे. १८५७ नंतर कंपनीचं राज्य जाऊन राणीचं आलं, त्या १८५८ सालीच 'वेड्यां'विषयीचे तीन कायदे झाले. मालमत्तेचं काय करायचं, कोणाला कोणाच्या हुकुमानं डांबायचं, ही त्यांची काळजी होती. असायलम ही संस्था विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत तुरुंगांच्या इन्स्पेक्टर जनरलच्या हाताखाली होती. १९०५ च्या सुमारास ती सिव्हिल सर्जनकडे, म्हणजे वैद्यकीय खात्याकडे आली. त्याआधी डॉक्टर नव्हते असं नाही. पण गावातला दवाखाना, तुरुंग आणि असायलम अशा तीन ठिकाणी एकच साहेब फेरी मारून जायचा. उरलेल्या वेळी रुग्णांजवळ असायचा तो पहारेकरी. पगार कमी, प्रशिक्षण शून्य. कोणी पळू नये, कोणी मरू नये, कोणी अंगावर येऊ नये, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. अशा नोकरीत माणूस चाव्या आणि दंडुका सांभाळायला शिकतो. त्यात त्याच्या स्वभावाचा दोष मला फारसा दिसत नाही.

मुंबईचं असायलम कुलाब्याला होतं, १८२६ पासूनचं. ते इतकं भरलं की शेवटी १९०१ च्या सुमारास ठाण्यात नवं उभं राहिलं. त्यासाठी नरोत्तमदास माधवदास या शेठजींच्या घराण्यातून देणगी आली आणि रुग्णालयाला त्यांचं नाव लागलं. जुनी माणसं अजून 'एन. एम. मेंटल' म्हणतात. नागपूरचं १८६४ चं, रत्नागिरीचं १८८६ चं. पैसा, दगड, जमीन, आवाराची भिंत, सगळ्याची नोंद नीट सापडते.

मग १९१२ चा इंडियन लूनसी ॲक्ट आला. हा महत्त्वाचा, कारण आजीचा भाऊ याच कायद्याखाली आत गेला. हो, १९६८ सालीसुद्धा हाच कायदा होता. स्वातंत्र्यानंतरही तो चाळीसहून अधिक वर्षं चालला आणि १९९३ मध्ये नवा कायदा लागू झाल्यावर संपला. त्याची पद्धत अशी : नातेवाइकानं मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायचा, सोबत दोन डॉक्टरांचे दाखले जोडायचे, मॅजिस्ट्रेटनं 'रिसेप्शन ऑर्डर' काढायची. आजारी पडलेल्या माणसाला कोर्टाच्या हुकुमानं दाखल करायचं. बाहेर पडायचीही वाट होती. रुग्णालयाला भेट देणाऱ्या अधिकृत 'व्हिजिटर्स'पैकी तिघांनी लेखी हुकूम दिला तर, किंवा नातेवाइकानं 'मी सांभाळतो' असं लिहून दिलं तर सुटका होऊ शकत होती. कागदावर दार दोन्ही बाजूंनी उघडत होतं. बाहेरच्या बाजूनं ढकलायला मात्र कोणीतरी यावं लागायचं.

१९२० च्या दशकात 'लूनॅटिक असायलम'ची 'मेंटल हॉस्पिटल' झाली. पाटी बदलली. आतली माणसं बहुतेक तीच राहिली.

आता मला सगळ्यात आवडलेलं पात्र. कर्नल मूर टेलर हे रांचीच्या युरोपियन मेंटल हॉस्पिटलचे प्रमुख. १९४३ मध्ये सरकारनं सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली आरोग्य समिती नेमली, आणि त्या समितीसाठी टेलर यांनी देशभरातली मनोरुग्णालयं पाहिली. १९४६ च्या भोर अहवालात त्यांची निरीक्षणं आहेत. एकूण १९ रुग्णालयं, दहा हजारांच्या थोड्या वर खाटा आणि लोकसंख्या ४० कोटी. हिशेब केला तर साधारण ४०,००० माणसांमागे एक खाट. त्याच वेळी इंग्लंडमध्ये ३०० माणसांमागे एक. सगळ्यात वाईट रुग्णालयांची त्यांनी नावंच दिली : पंजाब, आग्रा, ठाणे आणि नागपूर. चारातली दोन आपली. यांना तुरुंगाचा आणि अनाथ-अपंगांना राबवणाऱ्या जुन्या इंग्लिश वर्कहाउसचा वास येतो, ही पुन्हा बांधली पाहिजेत, असं त्यांचं मत.

पण हेच टेलर पुढे जे म्हणतात ते मी दोनदा वाचलं. पाहिलेल्या प्रत्येक रुग्णालयात कर्मचारी इतके कमी आहेत की लाज वाटावी. आजवर सगळा भर खाटा वाढवण्यावर राहिला, त्यातून निव्वळ गर्दी वाढली, आणि विटा-चुन्यानं कोणी बरं होत नसतं. शब्द माझे आहेत, आशय त्यांचा. एका वसाहतीतल्या लष्करी डॉक्टरनं, राज्य आवरायची वेळ आलेली असताना, सरकारी अहवालात हे लिहून ठेवलं.

मी ज्या धंद्यात आहे त्यात हा रोग ओळखीचा आहे. सर्व्हर विकत घ्यायला बजेट असतं, कारण सर्व्हर दाखवता येतो. तो रात्री दोन वाजता बंद पडला तर उठणारी माणसं किती, हा प्रश्न पहिली मोठी गडबड होईपर्यंत कोणी विचारत नाही. फरक एवढाच की आमच्याकडे कोणी मरत नाही.

म्हणून एक हिशेब करून पाहिला. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली १९९० मध्ये नियम आले. त्यात दहा रुग्णांमागे एक परिचारिका आणि पाच रुग्णांमागे एक अटेंडंट असं प्रमाण होतं. वाचायला बरं वाटतं. येरवड्याच्या मंजूर खाटा २,५४०. म्हणजे परिचारिका २५४. हा आकडा एकूण नेमणुकांचा धरा. दिवसाच्या तीन पाळ्या, आठवड्याची सुट्टी, रजा, आजारपण, बाळंतपण. एक जागा चोवीस तास भरलेली ठेवायला चारांपेक्षा जास्त माणसं लागतात, हे ऑन-कॉलचं वेळापत्रक बनवणाऱ्या कोणालाही माहीत आहे. मग एका वेळी प्रत्यक्ष वॉर्डात साठेक जणी. खाटा भरलेल्या असतील तर एकीमागे चाळीसहून जास्त रुग्ण. अटेंडंटचा हिशेब केला तर एकामागे वीस-एकवीस. आणि हे सगळी पदं भरलेली आहेत असं मानून. सरकारी पदं किती भरलेली असतात ते तुम्हाला ठाऊकच आहे.

१९७१ मध्ये तर असा नियमही नव्हता. त्या वॉर्डातल्या ज्याच्या-त्याच्या नातेवाइकांना कार्ड टाकायचं तर त्या माणसाला वेळ कधी मिळत असेल? बहुधा रात्रपाळीला.

माणसं कमी असताना काय करता येतं, याचं एक वेगळं उत्तर अमृतसरला सापडतं. फाळणीत पंजाबचं मनोरुग्णालय लाहोरला, म्हणजे पाकिस्तानात गेलं. तिथले हिंदू आणि शीख रुग्ण १९५० च्या अखेरीस भारतात आणले गेले, सुमारे ४५०. इथले मुसलमान रुग्ण तिकडे पाठवले गेले. मंटोची 'टोबा टेक सिंह' याच अदलाबदलीवर आहे. ती अनेकांनी वाचलेली असते, पण ते रुग्ण अमृतसरला पोचल्यावर पुढे काय झालं हे फारसं कोणी विचारत नाही. तिथल्या रुग्णालयाचे प्रमुख होते डॉ. विद्यासागर. रुग्ण खूप, हाताशी माणसं थोडी. त्यांनी आवारात तंबू ठोकले आणि रुग्णांच्या नातेवाइकांना सांगितलं की इथेच येऊन राहा. आई, बायको, भाऊ रुग्णाजवळ राहायचे, खाऊपिऊ घालायचे. डॉक्टर सगळ्यांना एकत्र बसवून त्यांच्या भाषेत समजावायचे की हा आजार आहे, भूतबाधा नाही, पाप नाही. क्लोरप्रोमझिन हे औषध पॅरिसमध्ये १९५२ साली पहिल्यांदा मनोरुग्णांना दिलं गेलं, तोच हा काळ, त्यामुळे उपचारांनाही आता थोडा अर्थ होता. रुग्ण बरा होऊ लागला की त्याच नातेवाइकांबरोबर घरी जायचा. टाकून देणं अवघड झालं, कारण त्याला बरं होताना घरच्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असायचं. पुढे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनं १९५७ मध्ये आपल्या मानसिक आरोग्य केंद्रात हीच रीत नियम म्हणून घेतली : सोबत घरचं माणूस हवंच.

आपल्या देशानं मनोरुग्णसेवेत काही स्वतःचं दिलं असेल तर ते हे, असं अभ्यासक म्हणतात आणि मला पटतं. पण मला त्याची थोडी भीतीही वाटते. त्या तंबूत कोण राहिलं असेल? बहुतेक आई किंवा बायको. नंतर 'कुटुंब हीच आपली ताकद' असं प्रत्येक सरकारी कागदात यायला लागलं, तेव्हा न भरलेल्या पदांचं काम बिनपगारी घरात सरकलं. विद्यासागर स्वतः त्या तंबूंमध्ये दिवसचे दिवस असायचे. योजनेत त्यांच्यासारखं माणूस छापता येत नाही, तंबू तेवढा छापता येतो.

पुढच्या योजना मी भरभर सांगतो, कारण त्या एकमेकींसारख्या आहेत. भोर समितीच्या शिफारशीतून बंगळुरूला १९५४ मध्ये अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था आली, तीच १९७४ पासून निम्हान्स. १९७५ पासून चंदीगडजवळ रायपूर राणीत आणि बंगळुरूजवळ सकलवाऱ्यात प्रयोग झाले : प्राथमिक केंद्रातल्या साध्या डॉक्टरला आणि आरोग्यसेवकाला शिकवलं तर पुष्कळ रुग्णांना इस्पितळ गाठावंच लागत नाही. १९८२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम झाला, बेल्लारीत तो जिल्हाभर करून पाहिला, १९९६ पासून चार जिल्ह्यांत आणि मग पसरत गेला. कल्पना सोपी आणि खरी होती. अडखळली ती नेहमीच्याच जागी. शिकलेल्या डॉक्टरची बदली झाली की केंद्र परत शून्यावर.

एका माणसानं काय होतं याचं उदाहरण पुन्हा येरवड्यातच आहे. डॉ. अनिता अवचट तिथल्या सरकारी मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ होत्या. ऐंशीच्या दशकात ब्राउन शुगर पुण्या-मुंबईच्या घराघरांत शिरली, अनिल अवचटांनी त्यावर लेख लिहिले, ते पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी वाचले आणि मदत पुढे केली. १९८६ च्या ऑगस्टमध्ये मुक्तांगण सुरू झालं, आणि ते सुरू झालं मनोरुग्णालयाच्याच आवारातल्या एका इमारतीत. आज मुक्तांगण सगळ्यांना माहीत आहे. त्याची जागा सरकारी होती आणि ते चालवणारी बाई सरकारी नोकरीतली होती, हे कमी लोकांना आठवतं. पगार तोच, पदनाम तेच, भोवतीची व्यवस्था तीच. बरे झालेले व्यसनी तिथेच कार्यकर्ते झाले. म्हणजे माणसांचा तुटवडा त्यांनी रुग्णांतूनच भरून काढला. १९९७ मध्ये त्या गेल्या, मुक्तांगण चालू राहिलं. मी हे लिहितो आहे तिथून ते फार लांब नाही.

आणि माणूसच नसला की काय होतं? ६ ऑगस्ट २००१, तमिळनाडूत रामनाथपुरम जिल्ह्यातलं एरवाडी. दर्ग्याच्या परिसरात चालणाऱ्या एका खासगी 'मनोरुग्णगृहा'ला पहाटे आग लागली. रुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते. २८ जण गेले. साखळी क्रूर लोक लावतात असं आपण समजतो. अनेकदा रात्री लक्ष ठेवायला माणूस परवडत नाही, म्हणून ती लावलेली असते.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मी अक्षरशः सगळा वाचला. चांगला कायदा आहे. साखळीला बंदी, भूल न देता विजेचे झटके देण्याला बंदी, उपचार हा हक्क, बरा झालेला माणूस समाजात राहील यासाठी निवाऱ्याची सोय सरकारनं करायची. त्यानंतर दोनच वर्षांनी, २०१९ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाला महाराष्ट्र सरकारला सांगावं लागलं की बरे झालेले रुग्ण भिक्षेकरीगृहात आणि वृद्धाश्रमात हलवणं थांबवा. २०२१ मध्ये मनोविकारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी मुंबई उच्च न्यायालयात गेले तेही याच कारणानं : घरी जाण्याइतपत बरी असलेली माणसं वर्षानुवर्षं मनोरुग्णालयात अडकून पडली आहेत. २०२३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीनं आकडा मांडला, लाख लोकांमागे ०.७५ मनोविकारतज्ज्ञ, हवेत तीन. ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस आहे, १४४१६ हा नंबर. हा नंबर फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, खरंच सांगतो. पण रात्री अडीचला तो उचलणारंही कोणीतरी पाळीवर असतं, आणि त्याच्या पाळीनंतर दुसरं कोणीतरी असावं लागतं. आणि ठाण्याचं रुग्णालय आता निम्हान्सच्या धर्तीवर नव्यानं बांधायचं ठरलं आहे. टेलर यांनी 'पुन्हा बांधा' म्हटल्याला ऐंशी वर्षं होत आली. त्यांचं पुढचं वाक्यही कोणीतरी त्या फायलीत लावायला हवं.

हे सगळं वाचून झाल्यावर मी आजीला विचारलं. ती ८४ वर्षांची आहे, ऐकू कमी येतं, बाकी सगळं लख्ख आठवतं. मी विचारलं, "आजी, भावाला भेटायला तू कधी गेलीस का?"

"एकदा. तुझ्या आजोबांना न सांगता. तो ओळखत होता रे मला. बागेतली दोन वांगी दिलीन त्यानं."

"मग घरी का नाही आणलं?"

ती बराच वेळ गप्प बसली. "माझ्या नणंदांची लग्नं व्हायची होती. वेडा घरात आहे म्हटल्यावर कोण आलं असतं बघायला? आणि सांभाळायचं कोणी, मीच ना? तुझा बाप तेव्हा नऊ वर्षांचा."

तिला मी काय म्हणणार होतो? त्या घरात ती एकटीच परिचारिका, अटेंडंट आणि स्वयंपाकीण झाली असती, तिन्ही पाळ्यांना.

१९८१ साली तार आली आणि तो गेल्याचं कळलं. अंत्यविधी तिथल्याच लोकांनी केले.

तिसरं कार्ड १९७४ चं आहे. त्यात लिहिलंय की डॉक्टरांच्या मते आता घरी नेण्यास हरकत नाही, कोणी जबाबदारी घेत असल्यास कळवावे, म्हणजे पुढील कागद करता येतील. ते जोडकार्ड आहे. हा प्रकार आता पोस्टात दिसत नाही : दोन कार्डं एकमेकांना जोडलेली, एकावर मजकूर लिहून पाठवायचं आणि दुसरं समोरच्यानं फाडून उत्तराला वापरायचं, तिकीट पाठवणाऱ्यानंच भरलेलं. उत्तराच्या बाजूवर रुग्णालयाचा पत्ता आणि वॉर्डाचा नंबर त्याच स्वच्छ अक्षरात आधीच लिहून ठेवला आहे. मजकुराची जागा कोरी आहे आणि कार्ड अजून जोडलेलंच आहे.